ताफ्यातली शेवटची गाडी

मी उंबरकोंडची रुग्णवाहिका बोलतेय.

बोलतेय म्हणजे काय, आयुष्यभर मला भोंग्याशिवाय दुसरा आवाज नव्हता, आणि आता तोही बंद पडलाय. शाळेमागच्या गवतात मी उभी आहे. टायर बसलेत. मागच्या दाराची कडी निघालीय, म्हणून वारा आला की दार आपटतं. कोणी तरी त्याला काथ्याची दोरी बांधून ठेवलीय.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी साधी सामान वाहायची गाडी होते. नंतर माझ्या पोटात स्ट्रेचर बसवलं, ऑक्सिजनची नळकांडी ठेवली, डोक्यावर दिवा लावला. मला विकत घेतलं ते उंबरकोंडच्या चाकरमान्यांनी. कोणी विरारला राहणारा, कोणी दिव्याला. कोणी वॉचमन, कोणी बँकेत शिपाई. त्यांनी वर्षभर वर्गणी गोळा केली. माझ्या अंगावर ठळक अक्षरात 'उंबरकोंड विकास मंडळ, मुंबई' असं लिहिलं, खाली फोन नंबर टाकला, आणि देवळासमोर नारळ फोडून मला गावाच्या हवाली केलं.

चालवायला आत्माराम आला. मुंबईत टॅक्सी चालवून कंटाळून गावी परतलेला माणूस. कमी बोलायचा. घाटातल्या वळणावर आत झोपलेल्याला धक्का बसू नये म्हणून मला असा काही वळवायचा की वाटावं, आत भरलेली घागर ठेवलीय.

किती जणांना नेलं, त्याचा हिशोब मी ठेवला नाही. आंब्यावरून पडलेले, छातीत कळ आलेले, अडलेल्या बाया. माणसं माझ्यात चढताना देवाचं नाव घेतात आणि उतरताना चपला विसरतात. काही चपला न्यायला पुन्हा कोणीच येत नाही. त्या आत्माराम देवळाच्या पायरीशी ठेवून यायचा.

मग त्या कंपनीची बातमी आली.

देशातली मोठी कंपनी. तिला नवं मुख्यालय उभारायचं होतं. कुठल्या शहरात, ते ठरायचं होतं. सगळ्या मोठमोठ्या शहरांनी हात वर केले होते, आणि त्या यादीत कसं कोण जाणे, रत्नागिरीचं नाव आलं. समुद्र जवळ, हवा चांगली, आणि शहरापासून जवळच, आमच्या उंबरकोंडच्या वर मोकळा पडलेला सडा. लाल कातळाचं मैलभर पठार. पावसाळ्यात गवत, एरवी नुसता दगड. आजवर तिथं गुरं चरायची.

लोक बदलले ते मी बघितलं. चहाच्या टपरीवर आता गावाच्या भांडणांऐवजी इंदूर आणि कोइमतूर यांच्यावर चर्चा व्हायची. त्यांच्याकडे पाणी किती, आपल्याकडे किती. त्यांचा विमानतळ कसा, आपला कधी होणार. ज्यांनी ती शहरं नकाशातसुद्धा नीट पाहिली नव्हती ते त्यांना शत्रू मानायला लागले. मुंबईहून फोन यायचे, "काय झालं रे कंपनीचं?" आपली पोरं परत येतील, हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्या तोंडांतून ऐकलं की मलाही ते खरं वाटायला लागलं.

ऑक्टोबरात कंपनीची माणसं जागा बघायला येणार असं ठरलं. स्वागत समिती बसली. तिचे पुढारी अनिल सुर्वे, उंबरकोंडचेच. शहरात त्यांचं हॉटेल होतं. त्यांची दोन्ही मुलं पुण्याला गेली होती आणि दिवाळीलासुद्धा यायला कुरकुरायची. अनिलभाऊंना कंपनी हवी होती ती हॉटेलासाठी, असं लोक म्हणत. मला तसं वाटत नाही. त्यांना मुलं हवी होती.

सडा साफ करायला बायका लावल्या. भात कापणीला आलेलं असताना शेतं सोडून त्या रोजावर आल्या. त्यांच्यात चिमा होती. नवरा गेलेला, एकुलती मुलगी दर्शना नव्या मुंबईत एका ऑफिसात नोकरीला. चिमा गवत कापताना सगळ्यांना सांगायची, "माज्या दर्शनाला हितंच नोकरी लागंल बगा. सकाळी भाकरी घेऊन जायाची, संध्याकाळी घरला."

पाहुण्यांच्या ताफ्यात रुग्णवाहिका हवी असा वरून निरोप आला. मंडळानं मला दिलं. कोणी हरकत घेतली नाही. उलट मुंबईच्या लोकांना अभिमानच वाटला. माझ्या अंगावरच्या गावाच्या नावावर आणि फोन नंबरावर 'रत्नागिरी आपले स्वागत करते' असा मोठा कागद चिकटवला. आत्मारामला पांढरा शर्ट दिला.

सकाळी आम्ही आरे-वारेच्या रस्त्यानं निघालो. पुढं काळ्या काचांच्या गाड्या, शेवटी मी. पाहुण्यांना समुद्र दिसावा म्हणून मुद्दाम लांबचा रस्ता धरला होता. वळणावर एकदा गाड्या थांबल्या, फोटो निघाले, आणि मग ताफा सड्यावर आला. मांडव, गुढ्या, लेझीमच्या मुली. साफसफाई करणाऱ्या बायकांना मात्र पलीकडच्या उतारावर पाठवलं होतं, पाहुण्यांच्या नजरेआड. बसून राहण्यापेक्षा तिथले दगड रचा, म्हणून सांगितलेलं.

उन्हानं कातळ तापला. पाहुण्यांतल्या एका तरुण बाईंना चक्कर आली. त्यांना माझ्यात आणून झोपवलं आणि आत्मारामनं एसी लावला. त्यांच्यासोबतचा एक जण बाजूला बसला. दोघं हिंदीत बोलत होते. ड्रायव्हरच्या जागी बसलेल्या माणसाला कान असतात, हे अशा लोकांच्या लक्षात येत नाही.

बाई म्हणाल्या, "जागा सुंदर आहे. लोक किती मनापासून करतायत. आपण खरंच इथं येऊ शकतो?"

तो हसला. "तुला कोणी सांगितलं नाही? शहर केव्हाच ठरलंय. तिथं जमिनीचं घोडं अडलंय. आपण दुसरीकडे जातोय असं दिसलं की तिथले लोक नरमतील. म्हणून ही यादी."

"मग हे सगळं? ह्या मुली, हा मांडव?"

"जेवण छान आहे म्हणतात. जेव आणि चल."

आत्मारामचे हात माझ्या स्टेअरिंगवर होते. ते घट्ट झाले एवढंच मला कळलं.

त्याच वेळी उतारावरून बायका धावत आल्या. एका चादरीत चिमाला उचललेलं. दगड उचलताना फुरसं चावलं होतं, उजव्या हाताला. आमच्या कातळावर हा साप दगडाखाली वेटोळं करून बसतो. एवढासा असतो, पण माणसाचं रक्त पातळ करतो.

आतल्या बाई ताडकन उठल्या. "इनको लिटाइए, मैं ठीक हूँ," म्हणत खाली उतरल्या. चिमाला स्ट्रेचरवर ठेवलं. आत्मारामनं गिअर टाकला.

तेवढ्यात अनिलभाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"आत्माराम, थांब. ताफ्यातली रुग्णवाहिका हलवता येत नाही. दुसरी गाडी बोलावलीय, निघाली आहे ती."

"अनिलभाऊ, फुरसं चावलंय."

"बघितलं मी. सूज आहे नुसती. आमच्या गड्याला चावलं होतं, दुसऱ्या दिवशी कामावर आला. अरे, आत्ता सादरीकरण सुरू होतंय. मांडवासमोरून भोंगा वाजवत गेलास तर काय वाटेल त्यांना? पहिल्याच दिवशी इथं साप चावला?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "आजचा एक दिवस, आत्माराम. आपली पोरं परत येतील रे."

पाहुण्या बाई काही बोलू पाहत होत्या. "चला मॅडम, सावलीत बसा," म्हणत अनिलभाऊ त्यांना मांडवाकडे घेऊन गेले. त्या दोनदा मागं वळून बघत होत्या.

आम्ही थांबलो. मांडवात पडद्यावर चित्रं सुरू झाली. आत्माराम सारखा रस्त्याकडे बघत होता. दुसरी गाडी येत नव्हती. चिमा उठून बसली, पाणी प्यायली, म्हणाली, "बरं वाटतंय." सोबतच्या बायकांनाही धीर आला. मलाही आला. मग तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला तेव्हा त्याच्या काठावर रक्त होतं. हिरड्यांतून येत होतं.

आत्मारामनं ते बघितलं आणि पुन्हा कोणाला विचारलं नाही. भोंगा लावला. सड्यावरून खाली जायचा रस्ता एकच, मांडवाला लागून. समोर काळ्या गाड्या आडव्या उभ्या. त्यांच्या ड्रायव्हरांची पळापळ झाली. मांडवातली सगळी डोकी वळली. अनिलभाऊ दोन्ही हात वर करून उभे होते. मी त्यांच्या अगदी जवळून गेले.

उतारावर चिमा म्हणाली, "भावजी, परत फिरवा गाडी. माज्यापायी कंपनी जायाला नको."

"वैनी, तुमी गप पडून ऱ्हावा."

"लोक काय म्हनतील? माजी दर्शना..."

आत्माराम रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "कंपनी येतेय वैनी. पक्कं झालंय. मगाशी माज्या कानानं ऐकलं मी."

"खरं?"

"देवाशपथ."

ती पडून राहिली. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. तिनं डोळे मिटले होते आणि ती हसत होती.

शहरातल्या डॉक्टरांनी लस टोचली. पण विष अंगात भिनलं होतं. पुढे लघवी बंद झाली, तिला कोल्हापूरला हलवलं. तिथंच ती गेली. दर्शना पोचली होती, पण आईला शुद्ध नव्हती. चिमाला गावी परत आणलं ते मीच. त्या दिवशी आत्मारामनं भोंगा लावला नाही.

दिवाळीनंतर कंपनीनं नाव जाहीर केलं. दक्षिणेतलं एक मोठं शहर. रत्नागिरीचा उल्लेख बातमीत शेवटच्या ओळीतसुद्धा नव्हता.

आणि मग गावात बोलणं सुरू झालं. सगळं जमत आलं होतं. पाहुणे खूश होते. ऐन वेळी ती गाडी भोंगा वाजवत गेली आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. आधी आत्मारामचं नाव घेतलं जायचं, मग हळूहळू चिमाचं. दगडाखाली हात घालताना बघायला नको? आयुष्य गेलं हिचं सड्यावर.

आत्मारामनं टपरीवर, देवळात, भेटेल त्याला सांगितलं की कंपनीचं आधीच ठरलं होतं, आपण नुसते दाखवायला होतो. कोणी मानेना. "तुला बरं सांगितलं त्यांनी, ड्रायव्हरला," असं म्हणून लोक हसले. मी विचार करत राहिले, का बरं मानत नसतील? हळूहळू उमगलं. थोडक्यात हुकलं असं म्हणण्यात त्यांना आधार होता. आपण कोणाच्या खिजगणतीतच नव्हतो, हे ऐकून घेणं त्यांना झेपत नव्हतं. त्यापेक्षा एका मेलेल्या बाईवर ठपका ठेवणं सोपं.

मंडळानं आत्मारामला कामावरून कमी केलं.

शिमग्याला दर्शना आली. आत्मारामला घेऊन माझ्याकडे आली आणि आत चढून स्ट्रेचरवर बसली. अंगानं अगदी आईसारखी.

"काका, आई काय बोलली शेवटी?"

त्यानं सगळं सांगितलं. पाहुण्यांचं बोलणं, आईचं परत फिरा म्हणणं, आणि आपण घेतलेली खोटी शपथ.

ती म्हणाली, "तुम्ही बरं केलंत की वाईट, मला कळत नाही, काका."

"मलाबी कळत नाय गो."

दुसऱ्या दिवशी सहाणेवर, म्हणजे देवाच्या चौथऱ्यावर, पालखी बसली होती आणि गावकी जमली होती. सहाण माझ्यापासून लांब नाही, मला ऐकू येतं. दर्शना उभी राहिली.

"माझ्या आईमुळं कंपनी गेली असं ज्याला वाटतं, त्यानं हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. ढोलवाल्यांनीसुद्धा काठ्या खाली ठेवल्या.

"बरं. मग तिच्यामुळं गेली नाही असं ज्याला वाटतं, त्यानं करावा."

आत्मारामचा हात वर गेला. तेवढाच. अनिलभाऊ पुढेच बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि शेवटपर्यंत वर केली नाही. थोड्या वेळानं कोणी तरी म्हणालं, "देवाच्या कामात हे विषय नकोत." ढोल पुन्हा सुरू झाले.

दर्शना संध्याकाळच्या गाडीनं गेली. पुन्हा आलेली नाही. आत्माराम आता खेडकडे एका कारखान्याची बस चालवतो. माझ्यावर दोन ड्रायव्हर आले आणि गेले. मग विमा संपला, बॅटरी बसली, आणि मला इथं ढकलत आणून ठेवलं. आता कोणाला काही झालं की लोक रिक्षा शोधतात. परवा खालच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याला खाटेवर घालून माझ्यासमोरून नेलं. उचलणाऱ्यांतल्या कोणी माझ्याकडे बघितलं नाही.

भंगारवाला येऊन गेलाय. माझे पत्रे वाजवून बघत होता. पावसाच्या आत नेणार म्हणतो.

जायच्या आधी एवढंच मागते. तुमच्या गावातही कधी तरी मोठे पाहुणे येतील. गाड्यांची रांग जाईल, तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहाल, हातात फुलं असतील. त्या रांगेच्या शेवटी माझ्यासारखी एखादी रिकामी रुग्णवाहिका दिसेल. फुलं टाकण्याआधी एकदा मोठ्यानं विचारा, ही गाडी आज कुठल्या गावातून आणलीय, आणि त्या गावात आज कोण गाडीवाचून पडलंय.