शिकेकाईचा टोप

येसूबाईचा मला पहिल्यापासून राग यायचा, आणि तिची सून काशी आमच्या सारसोळ्यात आल्यावर तो दुप्पट झाला. आमची दारं समोरासमोर. बघायचं नाही म्हटलं तरी सगळं दिसायचं.

एकसष्ट सालची गोष्ट. नारळी पुनव झाली आणि येसूबाईचा एकुलता एक मुलगा जयदेव करंजाच्या एका मोठ्या होडीवर खलाशी म्हणून गेला. काशीच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्याची तयारी करता करता ती पार दमली होती. तो दिसेनासा झाला तशी तिने मागच्या अंगणात शिकेकाई उकळली, त्यात रिठे, आवळकाठी आणि जास्वंदीची पानं टाकली आणि गुडघ्यापर्यंतचे आपले केस स्वच्छ धुतले. घरचं माणूस बाहेर पडलं की लगेच डोक्यावरून पाणी घेत नाहीत. तसं पाणी मयत उचलल्यावर घेतात. हे तिला कुणी सांगितलं नसावं, नाहीतर त्या दमलेल्या पोरीच्या ध्यानात राहिलं नसावं.

येसूबाई मासळी विकून आली आणि दारातच थबकली. सुनेचे ओले केस बघून, जित्या पोराचं मयत काढलंस म्हणत, तिने तोंडाला येईल ते ऐकवलं. जयदेव परत येईस्तोवर डोक्याला पाणी लावायचं नाही, असं बजावलं.

होडी वादळात सापडली. तिघे पोहून निघाले. त्यातला कान्हा मुद्दाम येऊन सांगून गेला की जयदेवचा हात त्याच्याच हातातून सुटला. येसूबाईने त्याला चहा दिला आणि मग निघायला सांगितलं. पोर गेला हे ती मानेना, म्हणून सुतक नाही, दहावं नाही. काशीचं कुंकू तसंच राहिलं आणि केसही तसेच राहिले.

शिमगा तोंडावर आला तोवर त्या केसांची दोरखंडं झाली होती. वर मासळीची पाटी, खाली घाम, त्यात खारा वारा. आम्ही बायका येसूबाईला नाही नाही ते बोललो. मी तर तिला तोंडावर कैदाशीण म्हटलं. काशी मात्र चकार शब्द काढायची नाही. सासूचा धाक, दुसरं काय, असं आम्ही धरून चाललो. दुपारी येसूबाई तिला पुढ्यात घेऊन बसायची, खोबरेल लावून उवा काढायची. तेवढं मात्र ती न चुकता करायची.

एका दुपारी तिची बोटं त्या केसांतून रक्ताने माखून निघाली. खाजवून खाजवून टाळूला जखमा झाल्या होत्या, त्यात पू धरला होता. काशी हललीसुद्धा नव्हती. येसूबाई कितीतरी वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी हंडा घेऊन निघाली. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, त्यात रिठ्याला फेस धरत नाही. गोडं पाणी लांब, टेकडीखालच्या विहिरीला. गुडघ्यांनी अधू झालेली ती बाई एकटीच गेली. तिने मला हाक मारली नाही, आणि मारली असती तरी मी गेले नसते. थोड्या वेळाने शिकेकाईचा वास आला, तशी मी हातातलं काम टाकून त्यांच्या अंगणात गेले.

येसूबाई आपले पांढरे केस सोडून दगडावर बसली होती. समोर टोप वाफाळत होता.

"आदी माज्या डोक्याव ओत," ती काशीला म्हणाली. "मी आई हाय त्याची. माजा पोर गेला."

काशीने ओतलं, हळूहळू चोळलं, फेस निथळेपर्यंत गोडं पाणी घातलं. येसूबाईच्या तोंडून हुंदका फुटला नाही, खांदे तेवढे हलत होते. इतकी वर्षं सांभाळलेला माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मला रडू आलं.

येसूबाईने केस पिळले आणि दगड रिकामा केला. मग सुनेला म्हणाली, "बस. तुजे मी धुते."

काशी बसली नाही. तिने उरलेल्या शिकेकाईचा टोप उचलून आत नेला आणि त्यावर झाकण ठेवलं. मी तिचा हात धरला. आता सासू स्वतःच म्हणते आहे, मग भीती कुणाची, असं मी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती सासूशी बोलली.

"येकदा धुतले ना मी, आये, तो गेल्या गेल्या. परत नाय धुनार."

ते मी रागात बोलले होते गं, असं येसूबाई पुन्हा पुन्हा सांगत राहिली. लहान पोराचं ऐकून घ्यावं तशी काशी मान हलवत होती.

टोपातली शिकेकाई आंबली तेव्हा ती मीच नेऊन खाडीत ओतली. काशीने टोप घासून फळीवर ठेवला. दुपारी ती सासूच्या पुढ्यात येऊन बसली, आणि येसूबाईने खोबरेलाची वाटी जवळ ओढली.