जिजाबाईचा डबा

थांबा, मित्रांनो! तो काथ्या आधी बाजूला ठेवा. मला घासायचंच असेल तर त्याआधी माझं थोडं ऐकून घ्या.

मी एक जुना स्टीलचा डबा आहे, कडीचा आणि घट्ट झाकणाचा. माझा जन्म भाईंदर पूर्वेच्या एका भांड्यांच्या कारखान्यात झाला. तिथे मला चाकावर धरून असं चकाकवलं, की कोणीही माझ्यात तोंड बघावं. जवळच्याच मुर्धा गावच्या शिवदासनं पहिल्या पगारात मला घेतलं आणि दुकानदाराकडून माझ्या पोटावर टिंबाटिंबांनी नाव कोरून घेतलं, 'जिजाबाई'. जिजाबाई म्हणजे त्याची आई. तिनं नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "माझा नाव? येडा हाय पोर!" त्या दिवशी मला केवढा भाव चढला म्हणून सांगू! शेजारच्या पितळी घागरीशी मी आठवडाभर बोललो नाही.

पुढे मिठागरं बंद पडली, भाताच्या शेतांत इमारती उठू लागल्या, आणि शिवदास आखातात कामाला गेला. आमच्या गावात आखातातल्या कुठल्याही शहराला दुबईच म्हणतात, तेव्हा तो दुबईला गेला म्हणा. बायको शैला आणि पूर्वी नावाची लहानगी लेक इथेच राहिल्या. गावचं कोणी तिकडे निघालं की जिजाबाई माझ्यात सुकट, बोंबील आणि घरी कुटलेला मसाला ठासून भरायची. तो माणूस परत येताना शिवदास मला खजुरानं भरून त्याच्याबरोबर धाडायचा. कोणाचं भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, ही रीत तुमच्याही घरी असेल. जिजाबाईपुढे ती मोडायची कोणाची छाती नव्हती. ती म्हणायची, "डबा रिकामा आला, तर समजायचा पोराला आयची आठवण न्हाय."

१९९४ च्या पावसाळ्याच्या शेवटी मी शिवदासकडे होतो. एका सकाळी शैलाचा फोन आला. "आयनी अंथरूण धरलंय. सारखं तुमचं नाव घेतात. लवकर या." खोलीतला जोडीदार आत्माराम भाईंदरचाच. त्यानं धावाधाव करून त्याच दुपारच्या विमानात जागा मिळवली. पण तो शुक्रवार होता. शुक्रवारी तिथला बाजार उघडतो संध्याकाळी, आणि माझ्या पोटात तर काहीच नव्हतं.

"डब्याचं काय घेऊन बसलास? तू निघ!" आत्माराम ओरडला.

"एका रोजानं काय व्हतंय? रिकामा डबा बघून ती हाय खाईल रे," शिवदास म्हणाला.

त्यानं शनिवारचं तिकीट घेतलं. संध्याकाळी एकेक दाणा निवडून खजूर भरला. शनिवारी विमानतळावर गेलो तर काय, सुरतेत प्लेग आला म्हणून हिंदुस्थानची सगळी विमानं बंद! शिवदास खिडकीखिडकीला विचारत सुटला.

शेजारच्या देशातून विमानं चालू आहेत, असं कोणीतरी सांगितलं. आम्ही बसनं सीमा ओलांडली. विमानतळावर पोचेपर्यंत त्या देशानंही दार लावलं होतं. मागे फिरलो, तर शिवदास कामाला होता त्या देशाचा सीमेवरचा शिपाई म्हणाला, प्लेग नसल्याचा दाखला आणा. शेजारच्या देशाचा डॉक्टर म्हणाला, आमच्याकडे असा दाखला देतच नाहीत. अहो, शिवदासला मुर्ध्याचं पाणी पिऊन दोन वर्षं झाली होती, त्याला कुठला प्लेग? पण तिथे पासपोर्ट बघत होते, माणूस बघायला कोणाला वेळ होता? रोग अडवायला हवा, हे मला डब्यालाही कळतं. पण भिंतीला भिंत लावून राहता, तर नियम करताना शेजाऱ्याला एका शब्दानं विचाराल की नाही?

दोन सीमांच्या मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पडून राहिलो. शिवदास मला मांडीवर घेऊन बसायचा. एक पोर भुकेनं रडायला लागलं, तेव्हा त्यानं झाकण उघडून ओंजळभर खजूर त्याला दिला. उरलेला मात्र पुन्हा बंद केला. "आय वाट बघत आसंल," एवढंच तो बोलला. अखेर दोन्हीकडचे साहेब एकमेकांशी बोलले आणि इतके दिवस अडलेलं काम एका दुपारीत सुटलं. आधी बोलले असते तर काय बिघडलं असतं?

विमानं सुरू होताच आम्ही मुर्ध्याला आलो, तेव्हा जिजाबाई गेली होती. अग्नी तिच्या पुतण्यानं दिला होता, दहावंही उरकलं होतं. शिवदासनं मला तिच्या रिकाम्या खाटेवर ठेवलं आणि हंबरडा फोडला, "आये, डबा भरून आणलाय गं! एकदा बघ तरी!" मित्रांनो, माझ्या पोटातला तो गोड खजूर मला नकोसा झाला.

मग शैलानं खुंटीवरचं गाठोडं खाली काढलं. त्यात निवडलेलं सुकट होतं आणि नुकताच कुटलेला मसाला. "आयनी पडल्या पडल्या माझ्याकडून करून घेतलं," ती म्हणाली. "सांगत होत्या, शिवा डबा आणील, तो रिकामा न्हाय धाडायचा."

नोकरी टिकवायची तर परत जाणं भाग होतं; ते सुकट आणि मसाला माझ्यात भरून शिवदास निघाला. विमानं सुरू झाली होती, पण शिवदास कामाला होता त्या देशानं हिंदुस्थानचं खाणं आत घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. गंमत बघा, सीमेपलीकडे तेच खाणं चालत होतं! तिथल्या विमानतळावर हातमोजे घातलेल्या माणसानं मला उलटं करून कचऱ्याच्या पिंपावर आपटलं. "आयच्या हातचा शेवटचा हाय, साहेब," शिवदास मराठीतच विनवत राहिला. तिथे ते कोणाला कळणार? आयुष्यात पहिल्यांदा मी रिकामा पोचलो.

आता शिवदास कायमचा घरी आला आहे. परवा त्याची लेक पूर्वी मला मोरीत घेऊन बसली आणि तिनं राख उचलली. शिवदास ओट्यावरून धावत आला.

"नको धूस त्याला! आजी हाय त्यात."

मित्रांनो, आजार आला तर दार जरूर लावा. पण लावण्याआधी शेजाऱ्याशी बोला, आणि बाहेर कोण राहिलं ते बघा. आणि मला घासू नका. झाकणाच्या खाचेत चिमूटभर मसाला अजून आहे.