विहिरीकडच्या चार ओळी

खताच्या कंपनीनं दिलेल्या परदेश टूरवर कारभारी आजवर एकदाही गेले नव्हते. राहात्यात त्यांचं कृषी सेवा केंद्र, माल दाबून खपायचा, कंपनी वर्षाआड जोडीची तिकिटं द्यायची, आणि ती तिकिटं दरवेळी मुलाला, ओमला, नि सुनेला जायची. पोरं बँकॉक पाहून आली, दुबई पाहून आली. कारभारी म्हणायचे, दुकान कोण बघणार अन् वस्ती कोण बघणार. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण चांगुणाबाईंना त्यांनी तुळजापूर आणि जेजुरीपलीकडं काही दाखवलं नव्हतं. असा हा माणूस यंदा जेवता जेवता म्हणाला, स्पेनला आपण दोघं जाऊ. बाईंची भाकरी तव्यावरच राहिली आणि करपली. कारभारींनी ती करपलेली भाकरी मुकाट्यानं खाल्ली. खरं म्हणजे तिथंच संशय यायला हवा होता. पण विमानाचं नाव निघालं की भल्याभल्यांची अक्कल रजेवर जाते, तिथं बाईंचं काय घेऊन बसलात!

कारभारी हे त्यांचं पाळण्यातलं नाव, बरं का. त्या भागातल्या बाया नवऱ्याला सरसकट ‘आमचे कारभारी’ म्हणतात. चांगुणाबाईंची तेवढी पंचाईत. म्हणावं तर नाव घेतल्यासारखं होतं. म्हणून त्या ‘ओमचे पप्पा’ म्हणत. घरातला कारभार मात्र दोघांत नीट वाटलेला होता. दुकान त्यांचं आणि बाग बाईंची.

बाग म्हणजे डाळिंबाची. ओम शाळेत होता तेव्हा बाईंनी स्वतः उभं राहून खड्डे घेतले, कलमं लावली, ठिबक अंथरलं. पुढं चांगली दहा वर्षं त्या बागेनं घर वर काढलं. वस्तीवरचं स्लॅबचं घर बागेचं, ओमचं लग्न बागेचं. आणि मग आला तेल्या रोग. फळावर तेलकट काळा डाग पडतो, डाग चिरतो, फांदीची पेरं काळी पडून मोडतात, आणि बघता बघता सगळी बाग नासते. कारभारींच्या दुकानातली झाडून सगळी औषधं मारून झाली. बाईंनी काळ्या फांद्या छाटल्या, जाळल्या, पुन्हा छाटल्या. शेजारच्या भाऊबंदांनी नवी डाळिंबं लावली होती. तुमच्यामुळं आमची बाग जाईल म्हणून ते रोज दुकानात येऊन बसू लागले. घरात विषय निघाला की बाईंचं उत्तर ठरलेलं, माझ्या डोळ्यादेखत बाग निघणार नाही. कारभारींनी मग विषय काढणंच सोडलं. बाईंना वाटलं, आपण जिंकलो.

तर अशी ही जोडी, बॅगेत शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि कुरडया घेऊन, जिल्ह्यातल्या आणखी खतवाल्यांबरोबर स्पेनमध्ये उतरली. माद्रिद झालं, तिथून बसनं चर्चमागून चर्च झाली. वर बघून बघून बाईंची मान धरली. शेवटी बस ग्रॅनाडा नावाच्या जुन्या शहरात शिरली आणि गाईडबाईंनी माइकवर सांगितलं की इथल्या भाषेत ग्रॅनाडा म्हणजे डाळिंब. बस हसली. कुणीतरी म्हणालं, मग राहात्याच्या मार्केटातच फिरवायचं होतं की, विमानाचा खर्च वाचला असता.

पण बाई हरखल्या. रस्त्याकडेच्या लोखंडी खांबांच्या डोक्यावर डाळिंब, गल्लीच्या नावाच्या पाटीवर डाळिंब, कारंज्यावर दगडी डाळिंब. एका गटाराच्या झाकणावरसुद्धा उकललेलं डाळिंब काढलेलं होतं. त्याला चुकून चप्पल लागली, तर बाईंनी तिथंच वाकून झाकणाला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. समोरून येणारी एक गोरी म्हातारी थबकून बघत राहिली. बघू दे! बाईंना तिचं काही नव्हतं. त्या खुशीत होत्या. आपल्या फळाला कुठंतरी एवढा मान आहे हे बघून त्यांचा ऊर भरून आला होता. आल्या दिवसापासून हौसेनं फोटो काढणारे कारभारी मात्र इथं आल्यापासून गप्प होते. पित्त झालंय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्हांब्रा. टेकडीवरचा जुना राजवाडा, भिंतींवर लेससारखी नक्षी, आणि बाईंना सगळ्यात पटलं ते त्याच्या बागांमधून खेळणारं पाटाचं पाणी. राजानं डोंगरावरून पाट काढून हे पाणी आणलं, असं गाईडबाई सांगत होत्या. बाईंनी विचारलं की मग पाण्याची बारी कुणाची कधी असायची. गाईडबाईंना प्रश्न कळला नाही. इतक्यात कारभारी संडास शोधायला गेले.

इथं खिसेकापू फार, असं बसमध्ये बजावलं गेलं होतं, म्हणून दोघांचे मोबाईल बाईंच्या कमरेच्या पिशवीत होते. कारभारींनी आपला मोबाईल सवयीनं त्यांच्याकडं दिला होता, जसं दुकानातनं आल्यावर किल्ल्या द्यायचे तसाच. तो वाजला. बाईंनी उचलला. पलीकडं बन्सी, वस्तीशेजारचा जेसीबीवाला. फोन करू नको, मेसेज टाक, असं कारभारींनी त्याला निक्षून सांगितलेलं होतं. पण बन्सीला लिहायचा कंटाळा आणि बोलायची हौस.

बाईंचा आवाज ऐकून तो काही दचकला नाही. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? बाईंना सगळं माहीत आहे असंच धरून तो बोलत सुटला. सकाळपासून लागलोय, बांधाकडची सगळी बाग काढून झाली, मुळ्या झटकून ढीग लावलाय. फक्त विहिरीकडच्या चार ओळी राहिल्यात.

“वैनी, तेवढ्यावर जरा फळ दिसतंय,” बन्सी म्हणाला. “म्हून हात थांबला. काढू का ठिवू?”

बाई शेजारच्या दगडी कट्ट्यावर बसल्या. थोडा वेळ थांब, एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. समोर गाईडबाई सुलतानाची गोष्ट सांगत होत्या, मंडळी माना हलवत होती. बाईंना राग आला, असा की कानशिलं तापली. तीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्यानं फिरायला आणलं, आणि ते कशासाठी, तर घर मोकळं करायला! नवी साडी घेतली होती स्पेनसाठी. तिचीसुद्धा त्यांना लाज वाटली.

कारभारी रुमालानं हात पुसत आले. बाईंनी मोबाईल पुढं धरला आणि बन्सीचा फोन होता एवढंच सांगितलं. कारभारींनी बाजूला बसून, पाण्याकडं बघत, सगळं सांगितलं. भाऊबंदांच्या नव्या बागेत डाग दिसला होता. भांडण पोलीस पाटलापर्यंत जाणार होतं. बाग काढणं भागच होतं. तू घरी असतीस तर जेसीबीपुढं बसली असतीस, म्हणाले.

“बसलेच असते,” बाई म्हणाल्या.

“म्हून तर तुला आनली.”

“मला आनली. अन् तुमी का आलात? ओम आला असता की माझ्यासंगं. तुमी घरी थांबून काढायची, मला पोरासंगं धाडायचं.”

दुकानात दिवसभर शेतकऱ्यांना शहाणपण सांगणारा माणूस रुमालाची घडी घालत बसला. मग कारभारी म्हणाले, “मला तरी कुठं बघवनार हुतं, चांगुणा.”

हे काही खोटं नव्हतं. बाईंना ते लगेच कळलं, आणि कळल्यावर राग गेला असं नाही, पण त्याची धार गेली. बागेतलं पहिलं फळ यांनी दुकानातल्या देवापुढं आठवडाभर ठेवलं होतं, सुकेपर्यंत. घराला कडी लावून पळून आलेल्या पोरासारखा हा माणूस इतक्या लांब येऊन बसलाय, आणि इथं जिकडंतिकडं डाळिंबं. बाईंना त्याही स्थितीत हसू आलं. फजिती व्हावी तर अशी.

त्यांनी पदर खोचला आणि बन्सीला व्हिडिओ कॉल लावला. कारभारी उठू लागले, तर त्यांच्या बाहीला धरून खाली बसवलं.

“आपल्याकडं मानूस गेलं तर लांबचं पोचेपर्यंत मयत उचलत्यात का?” बाई म्हणाल्या. “न्हाई उचलत. थांबत्यात. मग आपन पोचायचं. बसा.”

पडद्यावर वस्ती आली. आपलं घर, आपली विहीर, आणि मध्ये ओळखू न येणारी सपाट मोकळी जमीन. बांधाला झाडांचा ढीग, मुळ्या वर आलेल्या. बाईंनी तिकडं नीट पाहून घेतलं. मग बन्सीला म्हणाल्या, चारी ओळींतून चालत जा, फोन झाडाजवळ धर. बन्सी चालू लागला. बाई सांगत होत्या, ती फांदी वाकव, ते पेर दाखव, ते फळ फिरव. लांबून हिरवंगार दिसत होतं, पण पेरं काळी पडली होती. फळं समोरून लाल आणि मागून चिरलेली. निघायच्या आधी शेवटची फवारणी बाईंनी इथंच केली होती आणि तेव्हाही हे डाग पाहिले होते. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. आता तसं करायला जागा उरली नव्हती.

“काढ रे बन्सी,” बाई म्हणाल्या.

बन्सीनं मोबाईल विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवला आणि यंत्रावर चढला. पहिलं झाड निघालं. मुळं तुटताना आवाज झाला, तो अल्हांब्राच्या त्या शांत बागेत चांगला मोठ्यानं ऐकू आला. दोन परदेशी माणसं वळून बघू लागली. दुसरं निघालं. तिसरं निघालं. कारभारींचा श्वास चढला. मग त्यांना रडू फुटलं, लहान पोराला फुटावं तसं. गाईडबाई गोष्ट सोडून धावत आल्या, बीपीची गोळी आहे का विचारू लागल्या. कारभारींनी बाईंचा हात घट्ट धरला.

“चांगुणा, झाडांची एक वळ ऱ्हाऊ दे. एकच. सांग त्याला. भाऊबंदांचं मी बघतो.”

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. हाच हट्ट त्यांनी स्वतः गेली दोन वर्षं धरला होता! आणि आज तो यांच्या तोंडून ऐकून त्यांचंही काळीज हललं.

“एक ठिवली तर तेल्या ऱ्हातो,” त्या हळू म्हणाल्या. “शेजारी लोकांच्या लेकराबाळांच्या बागा हायेत.”

आणि त्या बघत राहिल्या, शेवटच्या ओळीपर्यंत. कारभारींनी डोळे मिटले की त्या म्हणायच्या, बघा. ते बघायचे.