काड्या ठेवायचं डोकं

चातुर्मासात कुंदाताई मौनाने जेवत. पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत चकार शब्द नाही. बोललं तर पान सोडून उठायचं. अकरा वर्षांत नेम मोडला नव्हता, इथे दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहायला आल्यावरही नाही.

इथला एक्स्पो पाहिल्यापासून त्यांच्या यजमानांना, वासुदेवरावांना, जुन्या जागतिक प्रदर्शनांतल्या वस्तू जमवायचं वेड लागलं होतं. अमेरिकेतल्या कुठल्याशा शंभर वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनातलं पत्र्याचं एक डोकं त्यांनी आणलं. काळाकुट्ट मुलगा, बटबटीत डोळे, कानापर्यंत फाटलेले लालभडक ओठ आणि टाळूला खळगा. दिवा लावायच्या काड्या ठेवायला बरं, म्हणून कुंदाताईंनी ते देव्हाऱ्याशेजारी मांडलं.

"आई, धिस इज सो रेसिस्ट," लेक मिहिका म्हणाली होती.

"काळा तर आपला पांडुरंगही आहे गं!" कुंदाताईंनी विषय मिटवला.

त्या दुपारी त्या आमटीभात कालवत होत्या, तोच वरच्या मजल्यावरची ॲबेना आली. ती घानाची, नर्स. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने तिनेच कुंदाताईंना धरून चालवलं होतं. मौनाचं तिला ठाऊक होतं.

"खाओ दीदी. आज मैं बोलेगी, तुम सुनेगी," ती हसत म्हणाली आणि थबकली. देव्हाऱ्यापाशी जाऊन तिने ते डोकं उचललं, आपल्या गालाशी धरलं.

"दीदी, ये मैं?"

कुंदाताई बघतच राहिल्या. पांडुरंग काळा खरा. पण त्याचे ओठ कुणी असे रंगवून, चार लोकांनी हसावं म्हणून विकले असते, तर त्याच्या टाळूत आपण काड्या खोचल्या असत्या?

तोंडात घास होता. नेम होता. ॲबेनाने डोकं जागच्या जागी ठेवलं. दार लागलं.

मग कुंदाताई उठल्या. उष्ट्या हाताने, अनवाणी, लिफ्टपर्यंत.

"ॲबेना, रुको! गलती मेरी है. बेटीने बोला था, मैंने सुना नहीं."

ॲबेनाने मागे पाहिलं नाही. "भगवान का दिया रोज उससे जलाया?"

"रोज."

लिफ्ट आली, उघडली, मिटली. ॲबेना आत गेली नाही.

"तुम तो बोल दिया," ती हळूच म्हणाली. "अब खाना?"

"खलास."

ॲबेना वळली. तिची नजर त्या आमटीने माखलेल्या बोटांवर गेली.

"मेरा गुस्सा अभी है, दीदी," ती म्हणाली. "यल्ला, पहले हाथ धोओ. मैं यहीं रुकती."