सुमय्याला फुकटचा निरोप

“‘बेटा’ काढा,” तेजस्विनी म्हणाली. “जागा नाही.”

“एवढासा तर शब्द आहे.”

“एवढासाच बसत नाहीये. ‘सलाम’ काढला, ‘तब्येत सांभाळ’ काढलं, आता हा. काका, फुकटच्या गाडीत सामान कमी न्यायचं असतं.”

मकसूद खुर्चीत पुढं सरकला. स्क्रीनवरच्या चौकोनात त्याचा मजकूर होता आणि कोपऱ्यातला आकडा लाल झाला होता. लाल म्हणजे जास्त झालं, एवढं त्याला आता कळत होतं.

“इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर दुपटीनं मावेल,” ती म्हणाली. “मराठी अक्षरं महाग पडतात.”

“फुकट आहे म्हणालात ना? मग महाग कसं?”

येरवड्यातल्या तेजस्विनीच्या दुकानात झेरॉक्स निघायच्या, आधारकार्डावरची चुकलेली नावं दुरुस्त व्हायची, नोकरीचे फॉर्म भरले जायचे, आणि या सगळ्यांत फुकट बोलण्याची सोय नव्हती.

“मराठीतच असू द्या,” मकसूद म्हणाला. “मला वाचता आलं पाहिजे.”

“मग ‘बेटा’ गेला.”

तिनं शब्द खोडला. उरलं ते असं: अम्मीच्या कबरीवर भराव टाकणार आहेत. पावसाळ्याआधी. अब्बा.

मकसूदच्या फोनवरून सुमय्याला काहीच जात नव्हतं. मँचेस्टरला राहणाऱ्या त्याच्या मुलीनं बापाचा नंबर बंद करून टाकला होता, त्याला तीन वर्षं होत आली. शेजाऱ्याच्या फोनवरून एकदा लावला, तर तिनं ‘हॅलो’नंतर आवाज ओळखला आणि तो नंबरही बंद झाला. शेजारी त्यावर म्हणाला, “मकसूदभाई, माझं तुमच्या पोरीशी काही भांडण नव्हतं. आता झालं.” मग तेजस्विनीनंच ही वेबसाइट शोधून दिली. परदेशात फुकट मेसेज जातो. कुठल्या तरी अनोळखी नंबरावरून पोचतो, त्यामुळे अडवता येत नाही. एका कॉम्प्युटरवरून दिवसाला एकच. आणि उत्तर येत नाही.

“उत्तर येत नाही?” त्यानं विचारलं होतं.

“तुम्हाला मेसेज पाठवायचाय की गप्पा मारायच्यात?”

मजकूर भरून झाल्यावर वेबसाइटनं नऊ चौकोनी चित्रं दाखवली आणि बस असलेली निवडायला सांगितली. तेजस्विनी पटापट दाबत गेली. हिरवी खूण आली.

“गेला. आता उद्या या. खुर्चीचे पैसे त्या डब्यात टाका, ती फुकट नाही.”

मकसूद रिक्षांचे हूड आणि सीट शिवायचा. हयात त्यातच गेली. रेक्झिन कापायचं, मशीनवर दुहेरी टीप मारायची, रिक्षावाल्याची कुरकुर ऐकायची. घरी आला की अख्तरबानू ताट वाढायची आणि दिवसभराचं सांगायची. सुमय्या लग्न होऊन परदेशी गेल्यावर तिचा रोज व्हिडिओ कॉल यायचा तो आईला. मकसूद पलीकडच्या खोलीतून ऐकायचा. “अब्बांना विचार, गुडघा कसा आहे,” असं तिकडून यायचं. “बरा आहे म्हणतायत,” असं इकडून जायचं, त्यानं काही म्हणायच्या आधीच. बापलेकीचं सगळं बोलणं असं आईच्या तोंडून चालत आलं होतं, आणि कुणालाच त्यात उणं वाटलं नव्हतं. अख्तरबानू गेली आणि मधली तारच तुटली. त्यानंतर त्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी मकसूद दचकायचा.

ती गेली पहाटे. सुमय्याला विमान मिळायला दुपार झाली. मकसूदचा थोरला भाऊ म्हणाला, मय्यत इतका वेळ ठेवायची नाही, आपल्यात तशी रीत नाही. तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर माती दिली. सुमय्या दुसऱ्या दिवशी सकाळी आली ती बॅग घरात न ठेवताच रिक्षा करून कब्रस्तानाच्या गेटावर. मकसूद तेव्हा भावांबरोबर फातिहा पढून बाहेर येत होता. काय बोलणं झालं ते दोघांनाच माहीत. त्याच रात्री ती माघारी गेली.

आता कब्रस्तानात जागा उरली नव्हती. जुन्या भागावर मातीचा भराव टाकून वर नवी जागा करायची, असं जमातीच्या कमिटीनं ठरवलं. शहरात दुसरं काय करणार, असंही लोक म्हणत होते. ज्यांचे नावाचे दगड होते त्यांना ते काढून न्यायला सांगितलं होतं. अख्तरबानूच्या कबरीवर दगड नव्हता. कच्ची कबर, उशाशी एक लाकडी फळी, तीही पावसानं काळी पडलेली. भराव पडला की खूण म्हणून काही राहणार नव्हतं. आणि सुमय्यानं ती जागा एकदाही पाहिली नव्हती.

दुसरा मेसेज लिहिण्याआधी मकसूद कब्रस्तानात गेला. तिथली देखभाल खालिद बघायचा. कबरी खणणं, पाणी, गेट, कमिटीचे निरोप, सगळं त्याच्याकडे. तो बाकड्यावर बसून चहा पीत होता.

“खालिद, एक विचारायचं होतं. माझी मुलगी आली तर तिला आत येता येईल का? कमिटीकडून परवानगी काढावी लागेल?”

“कसली परवानगी?”

“बायकांना आत सोडत नाहीत ना.”

खालिदनं कप खाली ठेवला. “कोण सोडत नाही?”

“नियम आहे ना कमिटीचा.”

“चाचा, मी इथं माझ्या बापाच्या वेळेपासून आहे. कमिटीचा असला काही नियम नाही. ज्याच्या त्याच्या घरचे आपापल्या बायका अडवतात. माझं काम कुलूप उघडायचं. उघडल्यावर कोण आत आलं ते मी बघत नाही.” मग कप पुन्हा उचलत म्हणाला, “तुम्हाला कुणी सांगितलं नियम आहे म्हणून?”

मकसूदला आठवेना. भाऊ म्हणाला असेल. किंवा बाप. किंवा कुणीच नसेल म्हणालं.

त्या दिवशीचा मेसेज तेजस्विनीच्या कात्रीशिवायच मावला: आत जाता येईल. कुणी अडवणार नाही. ये. अब्बा.

“हा बरा आहे,” तेजस्विनी म्हणाली. “शिकलात.”

हिरवी खूण आली. त्यानंतरही त्यानं पाठवले. भराव कधी सुरू होणार ते. घरात तिची खोली तशीच आहे ते. रोज एक. तेजस्विनी म्हणायची, “काका, रोज दुधाच्या रतिबासारखे येता तुम्ही. घेणारं घेतंय का ते तरी बघा.” बघायची सोय नव्हती. हिरवी खूण होती, तेवढ्यावर विश्वास.

आठवडा गेला असेल. मकसूद एका रिक्षाच्या मागच्या पडद्याला टीप मारत होता तेव्हा फोन वाजला. नंबर परदेशातला.

“अब्बा, अझीम बोलतोय.” हा जावई. मूळचा कोंढव्याचा, बोलणं नेहमी मऊ. आज नव्हतं. “तो मेसेज तुम्ही पाठवलात?”

“हो. रोज एक पाठवला. पोचले ना?”

“रोज? एकच पोचला. मला एवढंच सांगायचंय, की परत पाठवू नका.”

“का? वाईट काय लिहिलंय मी?”

“वाईट? लिहिलंय काय, की अम्मीच्या कबरीवर भराव टाकणार आहेत. आणि त्याच्या खाली काय आहे, माहितीय? ‘घरबसल्या पत्ते खेळा, रोख जिंका.’ लिंकसकट. सुमय्या ऑफिसात होती. तिला आधी वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. मग शेवटी ‘अब्बा’ वाचलं.”

मकसूदचा पाय मशीनवरून सुटला. “मी पत्त्यांचं नाही लिहिलं.”

“तुम्ही लिहिलं नाही, पण फुकटात पाठवलंत ना? अम्मीची गोष्ट, अब्बा. ती तरी फुकटात उरकायची नव्हती.”

“नंबर बंद केलाय तुम्ही. कशानं पाठवू? कबुतरानं?”

तिकडे कुजबुज झाली. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

“बोला,” सुमय्या म्हणाली.

तीन वर्षांनी तो आवाज आला होता. आईचाच आवाज, फक्त त्यातली माया काढून घेतलेली.

“ये म्हणून सांगायचं होतं,” मकसूद म्हणाला. “भराव पडायच्या आत. आत जाता येईल, असंही पाठवलं होतं.”

“ते नाही आलं. आणि आत्ता जाता येईल? तेव्हा का येत नव्हतं?”

“तेव्हा... रीत तशी होती.”

“कुणी अडवलं होतं मला? चाचांनी? ते मागे होते, चपला घालत होते. गेट उघडं होतं. तो माणूस बाकड्यावर बसला होता, त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. माझ्यासमोर फक्त तुम्ही होतात.”

मकसूदनं मशीनच्या सुईखालचं कापड उगाच सरळ केलं.

“मी म्हटलं, निदान कुठं आहे ते दाखवा. बोट करून दाखवा. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?”

“नाही.”

“मला आठवतंय. ‘आत आहे, लांब. इथूनच दुआ कर.’ मी विमानात रात्रभर बसून आले होते, अब्बा. आणि मी रस्त्यावर उभं राहून दुआ केली, शेजारी भजीवाला होता.”

रिक्षावाला दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला होता. मकसूदनं त्याला हातानं थांब म्हणून सांगितलं.

“आता ये ना. या वेळेला कुणी...”

“रजा नाही मला. असती तरी आले नसते. आणि नंतर कधी आले, वर्षा-दोन वर्षांनी, तर कुठं उभी राहू? सपाट मैदानात? तेव्हा तुम्ही काय सांगणार, इथंच कुठंतरी आहे?”

फोन बंद झाला. मकसूदनं उलट लावून पाहिला. लागला नाही.

“काका, पडदा झाला का?” रिक्षावाल्यानं विचारलं.

“होतोय. घाई असेल तर उघड्यावर चालव.”

संध्याकाळी तो तेजस्विनीच्या दुकानात गेला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, “खाली जाहिरात जाते.”

“कुठल्या खाली?”

“माझ्या मेसेजच्या. पत्त्यांची. माझ्या बायकोच्या कबरीखाली पत्ते लावले तुमच्या वेबसाइटनं.”

“वेबसाइट माझी नाही,” ती म्हणाली, पण आवाज खाली आला होता. तिनं पान उघडलं, वर-खाली केलं, अगदी तळाशी बारीक अक्षरांत काही लिहिलेलं होतं ते डोळे बारीक करून वाचलं. “आहे. लिहिलंय. पाठवणाऱ्याला दाखवत नाहीत, घेणाऱ्यालाच दिसतं.” मग म्हणाली, “मी कधी घेतला नाही ना असला मेसेज. सगळ्यांचे पाठवतच आले.”

“जाहिरात न जाता पाठवता येतो का?”

“पैसे भरले की जाहिरात नाही. नक्की पोचतो पण. एवढं आधी विचारलं असतंत तर...”

“आधी तुम्ही सांगितलं असतंत तर.”

झेरॉक्सला आलेला माणूस कागद हातात धरून या दोघांकडे पाहत होता.

“भरा पैसे,” मकसूद म्हणाला.

“लिहू काय?”

‘माफ कर’ लिहावं असं मकसूदच्या मनात आलं. तो शब्द त्यानं जन्मात कुणाला लिहिला नव्हता. अख्तरबानूलाही नाही. आणि त्यानं सुमय्याला जागा थोडीच कळणार होती.

“उद्या सकाळी फोनवर सांगतो. दुकान उघडलं की बसून राहा.”

“बसूनच असते मी. दुसरं काय करते?”

सकाळी भरावाचे ट्रक रस्त्यावर ओळीनं लागले होते. खालिद एका ड्रायव्हरशी हुज्जत घालत होता. मकसूद गेटाशी आला. खिशातून त्यानं मोठी मोजपट्टी काढली, हूडच्या कापडाचे तागे मोजायची, कापडी, गोल डबीत गुंडाळलेली, टोकाला पितळी कडी असलेली. कब्रस्तान आतून त्याला माहीत होतं ते फातिहा पढण्यापुरतं. खाली मान घालून जायचं, खाली मान घालून यायचं. म्हणून अंदाजानं त्यानं घरातली सगळ्यांत लांब पट्टी आणली होती. पुरणार नाही, मध्ये दोनदा-तीनदा खूण करून पुढं सरकावी लागेल, असं धरूनच चालला होता.

“कबरीला कव्हर शिवताय काय?” खालिदनं विचारलं.

“टोक धर. गेटाच्या या खांबाला. हलवू नको.”

“ट्रक थांबलेत, चाचा.”

“थांबू देत. डिझेल माझं जळत नाही.”

खालिदनं कपाळाला आठ्या घातल्या, पण कडी खांबाला धरली. मकसूद पट्टी सोडत आत निघाला. कुणाच्या कबरीवर पाय पडू नये म्हणून पायवाटेनं, कडुनिंबाला डावी घालून. गुडघा दुखत होता. लाकडी फळीपाशी तो खाली बसला, पट्टी ताणली आणि हातातल्या डबीकडे पाहिलं.

पट्टी संपली नव्हती. अर्धी अजून आतच गुंडाळलेली होती.

त्यानं मान वर केली. खालिद समोर होता, त्याच्या शर्टाची बटणं दिसत होती. त्याच्या मागं रस्ता, रस्त्याच्या कडेला भजीवाला कढईत झारा फिरवत होता आणि गिऱ्हाइकाला मिरच्या संपल्या म्हणून सांगत होता. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मकसूदनं फोन लावला.

“बोला काका,” तेजस्विनी म्हणाली. “लिहायला घेतलंय.”

त्यानं पट्टीवरचा आकडा वाचून दाखवला. गेटाच्या उजव्या खांबापासून. कडुनिंब डाव्या हाताला. तिनं कीबोर्डची बटणं दाबल्याचा आवाज आला.

“हे एवढंच? अंतर?”

“हो.”

“आणखी काही घालायचं असेल तर घाला. पैसे भरलेत.”

गेटाकडून खालिद ओरडून विचारत होता, सोडू का, सोडू का. मकसूदनं त्याला हात केला, थांब म्हणून.

“लिहा,” तो फोनवर म्हणाला, “लांब नाही.”