दीड हाताचे अंतर

पहिला घाव कुंडलिकच्या उजव्या मनगटावर बसला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज पंपघरातल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. फावड्याचा दांडा राजवर्धनच्या हातात होता. मागच्या भिंतीवर शेळगावच्या पाण्याच्या साऱ्या नळ्यांचे चित्र झळकत होते, आणि त्यातली एकुलती तांबडी रेघ ‘कुंडलिक’ असे लिहिलेल्या ठिपक्यात शिरली होती.

“पाणी चोरतो व्हय रं? आमची डाळिंबं वाळली ती तुझ्यापायी!”

“माझी न्हाय ती नळी! पोरांची आण घिऊन सांगतो...”

दुसरा घाव खांद्यावर, तिसरा बरगडीवर. पुढचे कोणी मोजले नाहीत. आठ-दहा जण एकदम तुटून पडले. कोणी चपलेने, कोणी लाथेने. उन्हाळाभर कोरड्या नळाकडे पाहत बसलेली माणसे होती ती.

सरदार तांबोळी टेबलापाशी उभे होते. घटकाभरापूर्वी या मारणाऱ्या हातांनीच त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. बारामतीच्या तंत्रनिकेतनात तीस वर्षे प्रयोगशाळा सांभाळून ते निवृत्त झाले होते. नळ्या, तारा, रस्ते अशा कसल्याही जाळ्याचे चित्र काढून देणारे एक मुक्त सॉफ्टवेअर होते. कोणीही ते वाचावे, कोणीही सुधारावे. मात्र ठिपके आणि रेघा वाढल्या की ते धापा टाकी. शेळगावचे जाळे उमटायला त्याला दीड मिनिट लागे. सरदारांनी चौदा महिने खपून रेखाटनाचे काम प्रोसेसरकडून काढून ग्राफिक्स कार्डाकडे सोपवले. एका गवंड्याने वीट-वीट रचण्याऐवजी हजार हातांनी भिंत एकदम उभी करावी, तसे चित्र आता पापणी लवायच्या आत उमटत होते. पाणीवापर संस्थेने जमिनीखालच्या नळ्या यंत्राने हुडकून त्यांच्या जागांची अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांत यादी केली होती. मीटर चुकवून टाकलेली चोरनळी तेवढी तांबडी दिसायची होती. ती दिसली.

“थांबा! माणूस मरेल!” सरदार मध्ये घुसले.

राजवर्धनने त्यांना छातीवर ढकलले. “मास्तर, तुमचं काम झालं. आता आमचं बघा.”

ते टेबलाच्या कोपऱ्यावर आपटले. ओठ फाटला. तेवढ्यात कोणीतरी ओरडले, “व्हॉल्व्ह फोडा त्याचा!” आणि जमाव कुदळी-कोयते घेऊन बांधाच्या दिशेने धावला. कुंडलिक फरशीवर पडून होता. संस्थेच्या अध्यक्षा संजीवनीताई त्याच्या डोक्याखाली पदर धरून बसल्या आणि रुग्णवाहिकेला फोन लावू लागल्या.

शंका आली की चित्रावर नव्हे, मूळ आकड्यावर बोट ठेवायचे, असे सरदारांनी तीस वर्षे मुलांना बजावले होते. त्यांनी यादी उघडली. एकाच बांधावर दोन व्हॉल्व्ह होते: एक कुंडलिकचा, दुसरा शेजारच्या राजवर्धनचा. दोघांत दीड हाताचे अंतर. यादीत त्यांच्या आकड्यांत फरक पडत होता तो दशांशचिन्हानंतरच्या सहाव्या स्थानी, म्हणजे आधीचे दोन अंक धरून आठव्या अंकात. कार्डाकडे आकडे पाठवताना मात्र एकूण सातच अंक धड टिकत होते. वेगासाठी तेवढे पुरतील, हे सरदारांनीच ठरवले होते. चाचण्या त्यांनी लाखलाख ठिपक्यांच्या घेतल्या होत्या, पण साऱ्या दुरून. एका बांधापर्यंत खाली उतरून पाहिले नव्हते. दोन ठिपके एकावर एक बसले होते आणि मागाहून काढलेले नाव वर आले होते.

चोरनळीचा आकडा राजवर्धनच्या व्हॉल्व्हशी जुळत होता.

ते धावले. साठी उलटल्यापासून ते असे धावले नव्हते.

मिरचीच्या रानात ठिबकच्या नळ्यांची खांडोळी पडली होती. उपटलेली रोपे तुडवली जात होती. व्हॉल्व्हपुढे कुंडलिकची बायको फुलाबाई खुरपे उगारून उभी होती. कपाळावरचे रक्त भुवईपर्यंत आले होते.

“या की रं! धा जण हाय ना? पयला कोण येतोय त्येचं बोट ठिवत न्हाय!”

“तिला हात लावू नका!” सरदारांचा श्वास पुरत नव्हता. “चूक माझी आहे. चित्र खोटं आहे. कुंडलिकरावांचा काही दोष नाही. खणा! दोन्ही व्हॉल्व्ह खणा!”

“म्हातारं चळलंय,” राजवर्धन हसला.

“चळलंय तर खणून बघू की,” जमावातून कोणीतरी म्हणाले. “कुदळी हायतीच हातात.”

हातभर खोल गेल्यावर काळी नळी लागली. कुंडलिकच्या व्हॉल्व्हला वळसा घालून ती थेट राजवर्धनच्या व्हॉल्व्हमध्ये शिरली होती.

राजवर्धनने सरदारांच्या तोंडावर ठोसा मारला. त्यांचे दोन दात मातीत पडले. या वेळी त्याच्या मदतीला कोणी आले नाही. त्याला धरायलाही कोणी पुढे झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सरदारांनी त्या सॉफ्टवेअरच्या जाहीर नोंदवहीत आपल्या नावाने दोष लिहिला: कारण, पडताळणी, दुरुस्ती. शेवटी लिहिले, ‘या चुकीमुळे एका निरपराध माणसाला बेदम मार बसला.’ परदेशातल्या एका सहकाऱ्याने विनंती केली की तांत्रिक नोंदीत हे वाक्य नको. सरदारांनी ते काढले नाही.

आठव्या दिवशी पंपघरात बैठक भरली. राजवर्धनची नळी तोडली गेली होती, पोलिसांतही तक्रार गेली होती. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून कुंडलिक आला. सचिवाने इतिवृत्त वाचले, “गैरसमजातून किरकोळ झटापट झाली.” मग शाईची डबी पुढे सरकवली. “हात गुतलाय तुमचा. अंगठा द्या डावा.”

“अंगठा?” कुंडलिक म्हणाला. “सातवी पास हाय मी. जलमात अंगठा दिला न्हाय.”

“मग सही ऱ्हाऊ द्या.”

“ऱ्हाऊ कशी द्यायची? पेन आण.”

सरदार खुर्चीवरून उठले. “कुंडलिकराव, मी...”

“मास्तर, बोलू नका. वही धरा. हलतीया.”

सरदारांनी दोन्ही हातांनी वही धरली. कुंडलिकने डाव्या हाताने ‘किरकोळ झटापट’वर आडवी रेघ मारली आणि वर लिहायला घेतले. ‘मा’ झाला. ‘र’ ओळीखाली घसरला. ‘हा’च्या कान्यापाशी पेन थांबले, त्याने हात झटकला, बोटे पुन्हा आवळली. पंपघरातली पन्नास माणसे एकेक करून उठून उभी राहिली होती आणि ‘ण’ पुरा होईपर्यंत कोणी खाली बसले नाही.