चार बोटं घरी ठेवून

मी एक जुनी सागवानी पेटी आहे, मित्रांनो, आणि सात वर्षं माझी उंची माझ्या जन्माच्या उंचीपेक्षा चार बोटं कमी होती. माणसं म्हातारपणी वाकतात, तशी मी वाकले नव्हते. मला करवतीने कापलं, आणि तेही मी अगदी कोरी करकरीत असताना. का कापलं ते सांगते, पण जरा सावकाश. बोलता बोलता मला मधेच स्वप्नं पडतात, तेवढं सांभाळून घ्या.

वांकिडीच्या पलीकडच्या डोंगरावर मी झाड होते. राज्य निजाम सरकारचं आणि जंगलही सरकारचं, त्यामुळे तोडलेल्या प्रत्येक ओंडक्यावर नाक्याचा शिक्का बसायचा. माझ्याबरोबर तोडलेल्या भावंडांचे तराफे बांधून पावसाळ्यात प्राणहितेत सोडले. तिथून ते गोदावरीला लागायचे आणि गोदावरीतून थेट समुद्राला, असं गाडीवाले आपसात बोलत. तिकडे म्हणे त्यांची जहाजं होत. मी मधोमध थोडी वाकडी, म्हणून मला कोणी तराफ्यात घेतलं नाही. नाक्याच्या सावलीत पडल्या पडल्या मी समुद्र पाहायची. माझ्या स्वप्नातला समुद्र हिरवागार होता आणि त्यावर पाखरं बसलेली असत, कारण तोवर मी जंगलाशिवाय दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

तिथून मला प्रयागबाईंनी आणलं. वांकिडीजवळच्या एका खेड्यात त्यांची कापूस-ज्वारीची शेती होती. नवरा लवकर गेलेला. एकुलता एक मुलगा, उद्धवराव, चांद्याला इंग्रजी शिकला आणि दूर आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेच्या कचेरीत कारकून झाला. आता त्याने आपल्या बायकोला, चारुशीलाला, बोलावून घेतलं होतं. चारुशीला चांद्याच्या मास्तरांची मुलगी. तिला नदी माहीत होती, समुद्र नव्हता. म्हणजे आम्ही दोघी सारख्याच होतो.

उद्धवरावांचं पत्र चारुशीलाने ओसरीवर बसून सासूला वाचून दाखवलं. ‘सामान थोडकं आण. एकच पेटी. ती झोपायच्या फळीखाली सरकली पाहिजे, म्हणून उंची दोन वीत, जास्त नको. उंच पेट्या जहाजाच्या तळाशी टाकतात आणि मोंबासा येईपर्यंत त्या हाती लागत नाहीत. तीन वर्षांनी आपण दोघं परत येऊ, आईला सांग.’

प्रयागबाईंनी उंचीचं ऐकलं आणि तीन वर्षांचंही ऐकलं. “तीन वर्सं म्हन्ते तो,” त्या म्हणाल्या. “पान्यापलीकडं गेलेलं मानूस कवा वेळेवर वापस आलं का, पोरी?” चारुशीलाने पत्राची घडी घातली. एकुलत्या लेकाला पुन्हा डोळ्यांनी पाहायला मिळेल की नाही, ही एकच काळजी प्रयागबाईंना होती. ती त्यांनी लपवली नाही आणि सुनेला अडवलंही नाही.

मला घडवलं बापूजी सुतारांनी. आमच्याकडे रीत अशी की, ज्याने वस्तू करायची त्याच्याच हाताने मोजायची. बापूजींचा हात चांगला रुंद, सुपाएवढा. त्यांनी दोन वीत मोजली, कोपऱ्यांना दात पाडून फळ्या एकमेकींत बसवल्या, पितळी कडी लावली आणि अंगाला जवसाचं तेल चोळलं. गावातली बायामाणसं येऊन माझ्यावर हात फिरवून जात. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. डोळे मिटून मी स्वतःला जहाजावर पाहायची आणि बाकीची जहाजं बाजूला सरून मला वाट द्यायची.

मग भरायला सुरुवात झाली. पहिल्या प्रवासाला निघालेल्या माणसाला सल्ला द्यायला सगळं गाव मोकळं असतं. कोणी म्हणे, तिकडे ज्वारी मिळत नाही, पीठ ने. कोणी म्हणे, गोधडी ने. शेजारच्या बयनाबाई कुरडयांची टोपली घेऊन आल्या आणि ती माझ्यात बसेना, तेव्हा माझ्यावरच रुसल्या. लोणच्याची बरणी, पाटा, वरवंटा, पितळेची घागर. मी सगळं पोटात घेतलं. अखेर माझं झाकण लागेना, तेव्हा दोन बायका त्यावर बसल्या.

निघायला दोन दिवस राहिले असताना आसिफाबादहून भगवानराव आले. हे उद्धवरावांच्या वडिलांचे स्नेही, जंगल कचेरीत साहेबापुढे कागद मांडणारे निवृत्त पेशकार. तरुणपणी ते साहेबाबरोबर एकदा जहाजाने रंगूनला जाऊन आले होते आणि ते एक रंगून त्यांनी पुढे तीस वर्षं पुरवून पुरवून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“वैनी, सूनबाई दर्यावर जाऊन राह्यली का मोंबासाले बाजार भरवाले? सफरीचं सामान मुख्तसर पाह्यजे, एकदम थोडकं!”

मग त्यांनी कोटाच्या खिशातून कचेरीतली फुटपट्टी काढली आणि मला उभी मापली. पुन्हा मापली.

“सतरा इंच. काऊन इतकी उच्ची केली? फळीखाली चौदाच्या वर जात नाई. हे पेटी तळाले टाकतीन. पोरीले बारा दिवस एका लुगड्यावर राहा लागन.”

उद्धवरावांची वीत त्यांच्या आईसारखी लहान होती, मित्रांनो. पत्र लिहिताना त्यांनी आपला हात धरला आणि पेटी करताना बापूजींनी आपला. दोघांचंही चुकलं नव्हतं, तरी मी तीन इंच जास्त झाले होते. बापूजींना बोलावलं. ते मान खाली घालून माझ्याजवळ बसले आणि लाकूड चाचपू लागले.

“नवी कराले येळ नाई,” ते म्हणाले. “कापतो.”

झाड असताना कुऱ्हाड सोसली होती, पण ही करवत जास्त लागली. तेव्हा मी फक्त झाड होते. आता मला समुद्राला जायचं होतं, आणि कापून उरलेल्या मला समुद्र ओळखेल का, हीच मला धास्ती. बापूजींनी झाकण काढलं आणि माझ्या वरच्या अंगाची चार बोटं उंचीची चौकट सलग कापून काढली. तिचे चारही कोपरे एकमेकांना घट्ट धरून होते. मग त्यांनी झाकण पुन्हा बसवलं आणि माझ्या कापलेल्या उघड्या कडेला, म्हणजे कोरेला, तेल लावायला बोळा उचलला.

“थांबा, बापूजी,” प्रयागबाई म्हणाल्या. “हे कोर तशीच राहू द्या. चौकट माह्यापाशी ठेवतो. दोघं वापस आले का जोडून टाकू.”

त्यांनी चौकट उचलून पोटाशी धरली. चारुशीलाने मग त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. दोघी रडल्या. भगवानराव फुटपट्टी पुसत बसले.

रडणं झाल्यावर भगवानरावांनी भरणं आपल्या हातात घेतलं. पाटा-वरवंटा बाहेर, घागर बाहेर, कुरडया बयनाबाईंना परत. जड कपडे तळाला, दोन दिवसांचे सर्वांत वर, म्हणजे हलत्या जहाजात पेटी उपसावी लागत नाही. ओलं फडकं पेटीत कधीच ठेवायचं नाही. लोणचं पेटीत नाही, हातातल्या पिशवीत. सुंठ आणि लिंबू कमरेच्या बटव्यात, कारण ओकारी आली की पेटी उघडायला कोणाला उसंत असते? नाव तीन बाजूंना मोठ्या अक्षरांत, आणि कडीला लाल दोरा, म्हणजे शंभर पेट्यांत आपली लांबून दिसते. हे सगळं पुढे खरं ठरलं. रंगूनच्या बाकी गोष्टींबद्दल मी काही सांगू शकत नाही.

आसिफाबाद रोड स्टेशनापर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वे आणि मग मुंबई. चारुशीलाचे मास्तर वडील तिला बंदरावर पोचवायला आले होते. पुढे मोंबासाच्या एका ओळखीच्या कुटुंबाची सोबत होती. एका हमालाने मला डोक्यावर घेतलं आणि फळीवरून जहाजात चढताना, मित्रांनो, मी समुद्र पाहिला. तो हिरवा नव्हता. त्यावर पाखरंही बसलेली नव्हती. तो राखाडी होता आणि त्याला पलीकडचा काठच नव्हता. एवढं पाहते तोच हमाल आत वळला आणि त्याने मला झोपायच्या फळीखाली ढकललं. मी अलगद आत सरकले. वर दोन बोटं जागा उरली.

बारा दिवस मी तिथेच होते. समुद्र मला दिसला नाही, पण ऐकू यायचा. लोखंडी भिंतीपलीकडून तो सतत काहीतरी सांगत असे, आणि मला वाटे, माझी तराफ्यातली भावंडंच बाहेरून जाताहेत. पहिले तीन दिवस चारुशीला नुसती पडून होती. तिचा हात खाली लोंबायचा आणि झाकणाच्या फटीतून बोटं माझ्या कच्च्या कोरेवर फिरायची. सोबतच्या बाईंची मोठी ट्रंक तळाशी गेली होती. चौथ्या दिवशी त्या चारुशीलाचंच एक लुगडं मागून घेऊन नेसल्या.

मोंबासाला सुरुवातीला माझी चैन होती. माझ्यावर भरतकामाचा रुमाल घालून दिवा ठेवत. तिथला एक कच्छी मिस्त्री माझे कोपरे पाहून म्हणाला की, हे काम करणाऱ्याचा हात सोन्याचा. त्या हातानेच सगळा घोटाळा केला, हे मी त्याला कसं सांगणार? पुढे मुलगी झाली, रेणुका. ती माझ्यावर चढून उभी राहायला शिकली.

मग दुसरं महायुद्ध सुरू झालं. प्रवाशांना जहाज मिळेना, पत्रं सहा सहा महिन्यांनी येत. तीन वर्षांची चार झाली, पाच झाली. उद्धवरावांना बढती मिळाली, मोठं घर मिळालं, आणि घरात नवं कपाट आलं. माझी रवानगी मागच्या पडवीत झाली. माझ्यात कोळसा भरला. राग यायला हवा होता, पण तिथे वारा समुद्राकडून यायचा, आणि मी डोळे मिटून वांकिडीचा डोंगर पाहायची. गंमत पाहा, जंगलात असताना समुद्राची स्वप्नं आणि समुद्राकाठी जंगलाची.

युद्ध संपलं तेव्हा उद्धवराव म्हणाले, “आता इथंच राहू. पुढं-मागं आईला आणू.” त्याच आठवड्यात भगवानरावांचं पत्र आलं. त्यात एवढंच होतं, ‘वैनीचे डोळे चालले. दिसते तोवर या.’

चारुशीला पडवीत आली. तिने कोळसा उपसला, मला आतून-बाहेरून पुसलं आणि झाकण उघडलं. जहाजानंतर पहिल्यांदा तिची बोटं माझ्या कोरेवरून फिरली. सगळं अंग काळं झालं होतं, फक्त ती कोर अजून भुकेली, खरखरीत होती. ती तशीच खाली बसली आणि नवऱ्याला हाक मारून म्हणाली, “अहो, आपलं अर्धं सामान आत्याबाईंपाशी राहिलंय. चला.” उद्धवरावांनी हात लावून पाहिलं. मग तेही तिच्याशेजारी बसले.

परतीचं सामान तिने एका दुपारी भरलं. जड तळाला, हलकं वर, दोरा लाल. सल्ला कोणाला विचारला नाही. तरीही जहाजाचा नंबर लागायला तीन महिने गेले.

आम्ही गावात पोचलो तेव्हा कापूस वेचणीला आला होता. प्रयागबाई अंगणात बसल्या होत्या. समोर माझी चौकट, मातीने भरलेली, आणि तिच्यात मेथी. सात वर्षं त्या तिला रोज पाणी घालत होत्या. बैलगाडी थांबली, उद्धवराव उतरले, “आई” म्हणाले, आणि प्रयागबाईंनी मान भलत्याच दिशेला वळवली. आम्हाला उशीर झाला होता. त्यांच्या डोळ्यांत आता उजेडच नव्हता.

त्यांनी लेकाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, सुनेचा चाचपला, रेणुकाला मांडीवर ओढून तिचे कान, नाक, वेण्या चाचपल्या. मग त्या माझ्यापाशी आल्या. झाकण वर करून त्यांनी कोरेवर बोटं टेकवली.

“आली माही पेटी,” त्या म्हणाल्या. “काढा वो ती मेथी. चौकट आना.”

बापूजीही आले होते, काठी टेकत. चौकट धुऊन माझ्यावर ठेवली. पण ती बसेना. मातीच्या ओलीने ती फुगली होती आणि मी कोरड्या कोळशात आटले होते. एका कोपऱ्याला चांगली करंगळी जाईल एवढी फट राहिली. बापूजींनी रंधा मागवला.

“दोन हात मारतो, मायबाई. बराबर बसन.”

प्रयागबाईंनी त्या फटीत करंगळी घातली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग म्हणाल्या, “नका मारू, बापूजी. सात वर्सं लागले एवढी फट पडाले. मले दिसत नाई, पन हे तं हाताले लागते. राहू द्या.”

बापूजींनी चौकट फटीसकट जोडली आणि झाकण वर बसवलं. ती फट अजून आहे. प्रयागबाई गेल्या, बापूजी गेले, निजामाचं राज्यही गेलं. मी आता रेणुकाच्या माजघरात असते, आणि आत काय ठेवलंय ते तिच्याशिवाय कोणाला नीट आठवत नाही. मित्रांनो, तुम्हीही कधीतरी दूर निघाल. पेटी हलकी ठेवा, दोन दिवसांचे कपडे वर ठेवा, कडीला लाल दोरा बांधा. पण घरी कोणी तुमच्या वाट्याची चार बोटं सांभाळत बसलं असेल, तर त्यांचे डोळे आहेत तोवर या. उशिरा पोचलेल्यांना मी काही बोलत नाही. रेणुका मात्र झाकण उघडताना अजून दर वेळी त्या फटीत करंगळी घालते.